वरातीला कुठली गाडी?

आदर्शचं लग्न ठरलं, हॉल ठरला, आचारी ठरला. अडलं ते वरातीच्या गाडीवर. घरात उघड्या गाड्या दोन आणि त्यांचे मालक दोन सख्खे भाऊ. मग ठरणार कसं?

नवरदेवाचे वडील गणपतराव यांची गाडी त्यांच्यापेक्षा थोडीच लहान. तिचं कापडी हूड काढायला दोन माणसं लागत, बसवायला चार, आणि बसवताना एकाचं तरी बोट सापडे. धाकट्या उदयसिंहांनी गेल्या दसऱ्याला नवी घेतली होती. बटण दाबलं की छप्पर आपोआप घडी होऊन डिकीत जाई. कुणी पत्ता विचारायला थांबलं, तरी ते आधी छप्पर उघडून दाखवत आणि मग पत्ता सांगत.

"दादा, त्या डबड्यात नवरी बसवून हसं करून घ्यायचंय व्हय?"

"डबडं? अरं, आक्काला ह्याच गाडीतनं आणलीया वरातीनं! वाटंत कुठं थांबली न्हाय!"

आक्का म्हणजे गणपतरावांच्या पत्नी. हे वाक्य आलं की त्यांना हमखास स्वयंपाकघरात काम आठवे आणि तिथली भांडी जरा जोरात वाजत. पण रोज तेच ऐकून शेवटी त्या ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"वरातीचा गुलाल आणाय जोतिबाला जायचंच हाय. दोन्ही गाड्या काढा. जाताना मी ह्यांच्या गाडीत बसते, येताना भावजींच्या. जी नीट नेईल-आणंल, तिच्यातनं सून येईल. आणि ह्यापुढं माझं डोकं खायाचं न्हाय!"

जोतिबाच्या घाटात जुन्या गाडीने वाफ सोडली. गणपतरावांनी प्यायचं सगळं पाणी रेडिएटरला पाजलं आणि मग त्यांची नजर आक्काच्या ताकाच्या बाटलीकडे गेली. आक्काने ती पदराखाली घेतली.

उदयसिंह केव्हाच वर पोचले होते. गुलालाचं पोतं, खोबऱ्याच्या वाट्या, गल्लीभर वाटायला प्रसाद, असं सगळं त्यांनी डिकीत कोंबलं होतं. आता नव्या गाडीची पूजा. देवाला सीट दिसावी म्हणून त्यांनी बटण दाबलं. गाडीने नुसतं 'टुंग' केलं आणि डिकी रिकामी करा असं पडद्यावर सांगितलं.

"देवाला आल्यावर डिकी रिकामी?" गणपतरावांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा आनंद दिसला. "कोल्हापूरला न बघताच बनवली की रं ही!"

झक मारत सगळं सामान जुन्या गाडीत गेलं. मागची सीट भरली, पोतं पुढच्या सीटवर बसलं. नव्या गाडीचं छप्पर एकदाचं उघडलं. हार घातलेली, अशी आ वासून उभी असलेली गाडी बघितल्यावर भक्तांचा हात आखडतो होय? 'चांगभलं'च्या गजरात मुठीच्या मुठी गुलाल आत पडला.

"आवं पावणं, सीट! सीट पांढरी हाय!"

"देवाचा गुलाल हाय पावणं! नशीब लागतंय त्याला!"

उदयसिंहांनी घाईने पुन्हा बटण दाबलं. छप्पर अर्ध्यावर आलं, करकरलं आणि तिथंच थांबलं. तेवढ्यात नखशिखांत गुलाबी झालेल्या आक्काने दार उघडलं.

"वहिनी, थांबा! सीटवर पेपर टाकतो. आणि तेवढं मागं टेकू नका."

"टेकू नको?"

आक्काने जुन्या गाडीकडे पाहिलं. त्यांच्या जागेवर पोतं ऐसपैस बसलेलं होतं. त्या सरळ तिथं उभ्या असलेल्या वडापच्या जीपमध्ये चढल्या आणि दोघं भाऊ घरी पोचेपर्यंत अंघोळ करून चहा पिऊन बसल्या होत्या.

नव्या गाडीच्या सांध्यात गुलाल बसला होता. ती अर्ध्या उघड्या छपरानिशी टेम्पोवर चढून दुरुस्तीला पुण्याला गेली. जुनी गाडी बिनविरोध निवडून आली. गणपतरावांनी ही बातमी हळदीपर्यंत सगळ्या पाहुण्यांना सांगितली, सोबत ते जुनं वाक्यही.

वरात निघाली. स्टेअरिंगवर गणपतराव, शेजारी आक्का, मागे आदर्श आणि नवी सून अनुजा. हलगी कडाडत होती. मिरजकर तिकटीच्या चौकात गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. गणपतरावांनी किल्ली फिरवली, मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण गाडी ढिम्म. मग सवयीने त्यांनी आक्काकडे पाहिलं.

"आई, मी उतरू का?" अनुजाने शालू खोचायलाही घेतला होता.

"बस खाली!" आक्का कडाडल्या. हलगीसुद्धा थांबली. "माझ्या वरातीला ही हितंच बंद पडलीती. शालू खोचून घरापतूर ढकलत आले मी. ह्यांनी नुसतं स्टेअरिंग धरलंतं. आता उतरा तुमी."

"अगं, पण स्टेअरिंग?"

"मी धरते की."

आदर्शने वडिलांकडे बघितलं. गणपतराव फेटा सावरत निमूट खाली उतरले. पांढराशुभ्र झब्बा घातलेले उदयसिंह हळूच हलगीवाल्याच्या मागे सरकत होते.

"भावजी, तुमीबी या," आक्का म्हणाल्या. "आणि कापडं पांढरी हायत. ढकला, पर तेवढं टेकू नका."

हलगी पुन्हा सुरू झाली. दोघे भाऊ गुलालात माखत, हात लांब करून गाडी ढकलत राहिले आणि आक्का या खेपेला बसून घरी आल्या.