डाव्या हाताचा ग्लास

फिर्मिनची एक फुशारकी अख्ख्या गेंट शहराला पाठ होती. "डोळे बांधून सोडा मला! दिशा चुकणार नाही!" बत्तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस तो! ट्राम रुळांवरून जाते, तिला दिशा चुकायची सोयच नसते, हे त्याला सांगायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

दर नोव्हेंबरला सहा दिवस जोड्याजोड्यांच्या सायकल शर्यती लागल्या की फिर्मिन, वानेस आणि ओडिलॉन हे तिघे दोस्त लाकडी ट्रॅकच्या आतल्या मैदानात, ठरलेल्या उंच गोल टेबलाशी उभे राहत. चोहीकडून सायकली भणभणत फिरायच्या आणि मधली माणसं बिअर पीत त्यांच्यामागे गरागरा फिरायची. तीस वर्षं हाच नेम.

गेल्या वर्षी घात झाला. शेवटची शर्यत रंगात आली आणि ओडिलॉनला लघवीला लागली. "वीस फेऱ्या उरल्या की हाक मार रे," असं बजावून तो गेला. फिर्मिन शर्यतीत असा रंगला की हाक राहूनच गेली. ओडिलॉनची लाडकी जोडी जिंकली आणि तो परतला तेव्हा पुष्पगुच्छसुद्धा वाटून झाले होते!

"या जन्मात तुझ्यासोबत बिअरचा घोट घेणार नाही!" ओडिलॉन गरजला. शब्दाचा पक्का माणूस. ऑगस्टमध्ये अबोला न सोडताच गेला. फिर्मिनने शवपेटीला खांदा दिला, पण मनाला लागलेली टोचणी काही जाईना.

म्हणून यंदा मंगळवारी, पहिल्याच दिवशी, त्याने टेबलावर दोन ग्लास ठेवले. एक स्वतःचा, एक ओडिलॉनचा.

"त्याच्या ग्लासाशेजारी त्याची टोपी ठेवूया का?" वानेसने विचारलं. "चुकून कोणी उचलायचं."

"टोपी कशाला? उजव्या हाताचा माझा, डाव्या हाताचा त्याचा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मैदानातले दिवे मालवले, उजेड फक्त ट्रॅकवर राहिला. अंधारात चाकांखाली लाकूड कण्हायला लागलं. दरवर्षी कण्हायचं, पण यंदा कोणीतरी झोपेत बरळल्यासारखं वाटत होतं. शर्यत संपली, फिर्मिन आपल्या जागी आला आणि थबकला. डावा ग्लास चार बोटं उतरला होता!

"वानेस, तू प्यायलास?"

"माझा माझ्या हातात आहे की!"

बुधवारी तो अर्धा झाला. गुरुवारी तळाला नुसता फेस! आणि त्याहून भयंकर म्हणजे उजवा ग्लास काठोकाठ भरलेला.

"अरे, मी घटाघट प्यायलोय! चव अजून जिभेवर आहे. आणि हा बघ, भरलेलाच!"

वानेसने छातीवर क्रूस काढला. "स्वतःचा पितोय आणि तुझा भरतोय. लेका, तो आलाय."

फिर्मिनने कोटाची कॉलर वर ओढली. सायकली जवळून गेल्या की मानेवर वारा लागतोच, पण आता प्रत्येक झुळूक कोणाच्या तरी उसाशासारखी वाटायला लागली. तरी भीतीच्या खाली कुठेतरी त्याला आनंद होत होता. पितोय! माझ्यासोबत पितोय! शपथ मोडली गड्याने!

शुक्रवारपर्यंत बातमी मैदानभर झाली. सॉसेजवाला टेबलाला वळसा घालून जाऊ लागला. शनिवारी आल्स्ट गावचा एक लठ्ठ गृहस्थ ग्लासाशी वाकून कुजबुजला, "ओडिलॉनसाहेब, उद्या कोण जिंकणार?" कोणीतरी मेणबत्ती लावली, ती रखवालदाराने विझवली आणि मग घाबरून परत लावली!

रविवारी दुपारी फिर्मिन ओडिलॉनच्या बायकोला, गोदेलीव्हलाच घेऊन आला. तिला शर्यतीचं वावडं आणि बिअरच्या नुसत्या वासाने तिचं डोकं उठायचं.

"तुझा नवरा येतो इथे," फिर्मिन म्हणाला.

"यायचं तर घरी यायचं. नळ गळतोय."

शर्यत सुटली. हजारो माना सायकलींमागे फिरल्या. एकट्या गोदेलीव्हला त्यात काडीचा रस नव्हता, म्हणून ती टेबलाकडे बघत बसली. शर्यत संपली, फिर्मिन जागेवर आला. डावा ग्लास अर्धा!

"पाहिलंस?" त्याने ग्लासाकडे बोट दाखवलं.

"पाहिलं. तूच प्यायलास."

"मी?"

"सायकलींमागे फिरत फिरत टेबलाच्या पलीकडे गेलास. तिकडे न बघता उजव्या हाताला आला तो ग्लास उचललास. अरे शहाण्या, तिकडून उजवा तो इकडून डावा!"

वानेस हसता हसता टेबलावर आडवा झाला. आल्स्टच्या गृहस्थाने गुपचूप मेणबत्ती खिशात घातली. फिर्मिन मात्र हसला नाही. चेहरा पार उतरला त्याचा.

"म्हणजे आलाच नव्हता," तो पुटपुटला. "शब्दाचा पक्का. नाहीच प्यायला माझ्यासोबत."

गोदेलीव्हने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ग्लासांकडे. मग म्हणाली, "तुझा तो भरलेला ग्लास डावीकडे ठेव, अर्धा उजवीकडे घे. हात खिशात घाल आणि ट्रॅककडे बघ, शेवटची शर्यत आहे. जागचा हललास तर याद राख!"

फिर्मिन खांबासारखा उभा राहिला. लाकूड कण्हलं, घंटा घणघणली, लोक बेभान ओरडले. यंदा कोण जिंकलं हे त्याला कळलंसुद्धा नाही. तो हळूच वळला.

डावा ग्लास रिकामा! थेंबही नाही!

वानेसचं हसू जागच्या जागी गोठलं. "फिर्मिन, तुझे हात तर खिशात होते!"

फिर्मिनने दोन्ही हात बाहेर काढून उलटसुलट पाहिले. त्याने मदतीसाठी गोदेलीव्हकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता आणि वरच्या ओठावर पांढराशुभ्र फेस होता.

फिर्मिनने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

"पूस," तो हळूच म्हणाला. "ओडिलॉनच्या मिशीला फेस लागलाय."

गोदेलीव्हने ओठ पुसले आणि तिला एक सणसणीत उचकी लागली.

"झालं गेलं विसरलो म्हणतोय," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी टोपी ठेव म्हणतोय!"