पळाले गेली

सक्करदरा तलावाजवळच्या सुविचार नगरातील कुमारी भूमिका हिला सैन्यभरतीसाठी सोळाशे मीटर आठ मिनिटांत धावायचे होते. तिला आठ मिनिटे वीस सेकंद लागत. वीस सेकंद कमी करायला हाती एक महिना होता. एवढ्याशा कामात नगर समितीने लक्ष घालण्याचे कारण नव्हते. पण मी समितीचा सचिव आहे, आणि कारण मिळाले.

पहिल्याच सकाळी दूधवाल्याने तिच्या आजीला, रुखमाबाईंना, विचारले, "भूमिका दिसून नाही राहिली?" त्या म्हणाल्या, "पळाले गेली." म्हणजे पळायला गेली. कोपऱ्यावरच्या घरापर्यंत जाताना त्याचे "पळाली, गेली" झाले. फरक एका मात्रेचा. पण दुधाबरोबर बातमीही घरोघरी पोचली. साडेसहाला भूमिका घामाघूम होऊन परतली, तेव्हा समितीची तातडीची बैठक सुरू होती. मुलगी आली, आता बैठक रद्द करा, असे एकाने सुचवले. पण सूचना रीतसर निघाली होती आणि तर्रीपोहेही आले होते.

ठराव झाला: वाटेत कोणीही वडीलधाऱ्याने विचारल्यास भूमिकाने थांबून नाव, गाव आणि पळण्याचे कारण सांगावे.

"मी थांबली तर टायमिंग कसं कमी होईन, काका?" तिने विचारले.

"बेटा, इज्जतीपुढं टायमिंग नाही पाहात," अध्यक्ष रामाजी म्हणाले.

तलावाच्या रस्त्यावर वडीलधारे फार. "काहून पळून राहिली वं?" "कोणाची वं तू?" भूमिका थांबे, सांगे, पुन्हा पळे. आठवड्यात तिची वेळ अकरा मिनिटांवर गेली. समितीला वाईट वाटले. सोबत कोणी असले तर लोक अडवणार नाहीत, म्हणून निवृत्त चंद्रभानजींना स्कूटरवर तिच्या मागे धाडले. तिसऱ्या दिवशी नवी बातमी आली: पोरगी पळाली ते खरेच, आणि स्कूटरवाल्यासोबत पळाली.

ही बातमी चंद्रभानजींच्या पत्नी सिंधूताई यांनाही कळली. "उद्यापासून मीच जातो तिच्यासंग," त्यांनी जाहीर केले.

सिंधूताईंचे गुडघे दुखतात. सोबत सोडायची नाही, असा समितीचा नियम असल्याने दोघी एकाच वेगाने निघत. सोळाशे मीटरला चौतीस मिनिटे. नगराच्या अब्रूत मात्र स्पष्ट सुधारणा झाली आणि इतिवृत्तात तशी नोंद आहे.

शेवटचे दहा दिवस भूमिका नरखेड तालुक्यात मामाकडे गेली आणि संत्र्याच्या बागेत बांधाबांधाने पळाली. झाडे काही विचारत नाहीत. तिची वेळ सात मिनिटे पन्नास सेकंदांवर आली.

भरतीच्या परीक्षेत तिला आठ मिनिटे चार सेकंद लागले. चार सेकंदांनी भरती हुकली. मला खरोखर वाईट वाटले. मी तिच्या घरी गेलो.

"मामाकडं तर चांगली पळत होती. मंग काय झालं वं?"

"शेवटच्या वळणावर दोरीपल्याड एक काका उभे होते," ती खाली मान घालून म्हणाली. "त्यायनं विचारलं, 'कोणाची वं तू?' सवयीनं थांबली मी. बाबाचं नाव सांगितलं, अन् मंग पळाली."

समितीने याची गंभीर दखल घेतली आहे. ते गृहस्थ आमच्या नगरातले नव्हते, याची खातरजमा झाली; आमचे सगळे सदस्य त्या वेळी बैठकीत होते. चौकशी चालू आहे. वाचकहो, परीक्षेच्या सकाळी आपण कोणाला काय विचारलेत, तेवढे आठवून कळवावे.