इमानकूलच्या यंत्राचं पहिलं पाऊल

"बाबा, ढकला ना! तुम्ही ढकला, मी चालवतो!"

सत्तावीस वर्षांपूर्वीचा हा आवाज. पाच वर्षांचा एर्किन मेंढवाड्यामागे गंजत पडलेल्या खोदाईच्या ट्रॅक्टरवर चढायचा, सगळे लिव्हर खालीवर करायचा आणि इंजिन तोंडानेच चालवायचा. भुर्रर्र! सामुदायिक शेती मोडली तेव्हा गायी वाटल्या गेल्या, कुदळी-फावडी वाटली गेली. पुढे सुपासारखी बकेट आणि मागे दातेरी पंजाचा लांब हात असलेलं हे धूड मात्र कुणी घेतलं नाही. त्यावर हक्क सांगितला तो एकट्या एर्किनने. आणि त्याचा बाप, इमानकूल खोगीरवाला, खरोखर मागून खांदा लावायचा! यंत्र तसूभर हलायचं नाही, पण पोरगं ओरडायचं, "निघालो बाबा, निघालो!"

मग एक दिवस पोरगं खरंच निघालं. गेली नऊ वर्षं ते रशियात, येकातेरिनबर्गला, असलंच यंत्र चालवून परक्यांच्या घरांचे पाये खोदत होतं.

आणि यंदा जर्दाळू फुलले तेव्हा इमानकूलने मेंढवाड्याच्या मालकाला दोन मेंढ्या आणि एक नवं खोगीर देऊन ते धूड अंगणात ओढून आणलं.

"पाटातला गाळ काढायला!" त्याने गावाला सांगून टाकलं. "दरवर्षी तालुक्याच्या यंत्राची वाट किती बघायची? पोराबिराचा काही संबंध नाही. आणि दुरुस्तीचं म्हणाल, तर या हातांनी चाळीस वर्षं घोडे सजवलेत. दोन महिन्यांत हे शिंगरासारखं उधळलं नाही, तर मिश्या उतरवीन!"

"हो, गाळ काढायलाच," त्याची बायको सैकाल म्हणायची आणि बोरसोकचं, म्हणजे तळायच्या छोट्या पुऱ्यांचं, पीठ मळता मळता रुमालाच्या टोकाने डोळे पुसायची. कांदा झोंबला म्हणायची. बोरसोकात कांदा कधीपासून पडायला लागला, हे इमानकूलने कधी विचारलं नाही.

मे महिन्यात एर्किनचा फोन आला. "बाबा, कंपनी पाच वर्षांचा करार करू म्हणते. सोमवारी सही करायचीय. काय करू?"

इमानकूलच्या जिभेवर बरंच काही आलं. गावाजवळच्या सरोवरावरचा वारा आला, रिकामी खाट आली, दाराशी नऊ वर्षं न हललेली चपलांची जोडी आली.

"तुझं तू बघ," तो म्हणाला. "इकडे हवा चांगली आहे."

"आणि बाकी?"

"बाकी जर्दाळू बरे आहेत."

फोन ठेवल्यावर सैकाल कमरेवर हात देऊन उभी. "झालं बोलून? जर्दाळू बरे आहेत?"

"मी कशाला बोलावू? त्याला वाटेल, म्हातारा थकला! रविवारी यंत्र चालताना दाखवतो. बघितलं की घराकडे पळत सुटेल की नाही बघ."

"अहो, 'ये' म्हणायला एक अक्षर लागतं. तुम्ही त्यासाठी पाच टन लोखंड उभं करताय!"

पण इमानकूल तोवर यंत्राखाली शिरला होता. इंजिनाची अडचण नव्हती. ते तालुक्याच्या मिस्त्रीने खोकत-खाकरत का होईना जिवंत केलं होतं. अडचण होती मागच्या हाताची. त्याच्या सिलिंडरमधली तेल अडवणारी सगळी रबरी सीलं कुजून गेली होती, आणि शहरातून नवी यायला तीन आठवडे लागणार होते. रविवार चार दिवसांवर!

खोगीरवाल्याने खोगीरवाल्याची युक्ती केली. बैलाच्या पाठीचं जाड कातडं गोल कापलं, मेंढीच्या जाड शेपटीच्या चरबीत दोन दिवस मुरवलं आणि सिलिंडरमध्ये ठोकून बसवलं. इंजिन बंद करायची तार तुटली होती, तिच्या जागी घोड्याच्या लगामाचा पट्टा बांधला. लिव्हर ओढला. आणि काय सांगावं! तो लांब हात कण्हत, कुंथत, सकाळच्या आळसासारखा वर गेला आणि वरच राहिला!

"बघ!" इमानकूल ओरडला. "तीस वर्षं पावसाने न विरघळणारं कातडं, त्याला तेल काय करणार?"

शेजारी कुबात बसचालक म्हणून निवृत्त झालेला. दुसऱ्याच्या गाडीतला दोष बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. कुंपणावरून तो इमानकूलला म्हणाला, "इमाके, यंत्र केलंत की रस्सा? गावातली सगळी कुत्री चाकांशी बसलीत!"

बसली होती खरी. अकरा. आणि अकराही जणांची मान वर, नजर सिलिंडरवर.

रविवारी अख्खं गाव अंगणात जमलं, कारण इमानकूलने नवीनच टूम काढली होती. मूल पहिलं पाऊल टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधतात, पोरं लांबून शर्यत लावून येतात, पहिला येईल तो दोर कापतो. मग ते मूल आयुष्यभर अडखळत नाही. इमानकूलचं म्हणणं, हे यंत्र सत्तावीस वर्षांनी पहिलं पाऊल टाकतंय, त्याचाही दोर कापायला हवा.

"एर्किनचा दोर माझ्या मेहुण्याने कापला," तो सगळ्यांना सांगायचा. "सुरी इतकी धारदार आणली होती की पोराचे पाय थांबलेच नाहीत. पार रशियात गेले! या वेळी सुरी बोथट हवी."

सुरी बोथट आणली. दोर मात्र लोकरीचा नाही, आठ पदरी कातड्याचा! स्वतः विणलेला, त्याच दोराने एकदा पिसाळलेला वळू बांधला होता. तो पुढच्या दोन्ही चाकांना गच्च आवळला. मागचा हात आभाळात, त्याच्या टोकाला सैकालचा पांढरा रुमाल. बायकांनी दूध शिंपडलं आणि गाणं धरलं:

काळा धागा तुटू दे, पांढरा धागा सुटू दे,
जाईल तिथून बाळाला माझ्या घराची वाट फुटू दे.

गाणाऱ्या बायकांत सैकालचा आवाज दुसऱ्या ओळीवर अडला. इमानकूलने ते ऐकलं आणि उगाचच इंजिन चालू केलं.

शर्यत निघाली. पोरं सगळी शहरात किंवा परदेशात, तेव्हा धावायला उरले म्हातारे! सर्वांत पुढे सत्तर वर्षांची सुयुमकान आपा, दोन्ही हातांनी घागरा उचलून, मागे वळून शिव्या देत. ती अजून अर्ध्या वाटेवर होती तोच सैकालचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. एर्किन, ठरल्यापेक्षा तासभर आधी!

"आई, बाबा कुठेत? अरे! हे तर... हे आपलं मेंढवाड्यामागचं?"

पोराचा तो आवाज ऐकला आणि इमानकूलचं भान गेलं. "बघ, एर्किन! चालतं बघ!" असं ओरडून त्याने गिअर टाकला.

"इमाके, दोर!" कुबात किंचाळला.

उशीर झाला होता. बांधलेली चाकं हलेनात. यंत्राने घोड्यासारखं तोंड वर उचललं, धाडकन आपटलं. इमानकूल घाबरून मागचा गिअर टाकून बसला. यंत्र पुढची चाकं फरफटत मागे निघालं, थेट अंगणाच्या कडेने जाणाऱ्या पाटाच्या दिशेने! आणि तेवढ्यात गरम तेलाने आपलं काम केलं. चरबी वितळली, कातडं मऊ पडलं, आणि तो लांब हात नमाजाला वाकावा तसा सावकाश, अदबीने खाली आला. कुत्र्यांनी एकच जल्लोष केला. पंजाचे दात पाटाच्या बांधात रुतले, यंत्र मागे जातच राहिलं, बांध उभा फाटला आणि पाणी अंगणात!

"इंजिन बंद करा, अहो!"

इमानकूलने लगामाचा पट्टा ओढला. पट्टा हातात आला.

"वा!" कुबात अंगणातल्या चुलीवर चढून म्हणाला. "गाळ काढायला आणलं होतं ना? यांनी पाटच घरात आणला!"

"तू गप रे मेल्या!" सुयुमकान आपा गुडघाभर पाण्यात बसून तो दोर बोथट सुरीने करवतत होती. शर्यत जिंकली होती, ती सोडणार थोडीच!

"आई!" फोनमधून एर्किनचा आवाज चढला. "फोन बाबांच्या कानाशी धर. पळ!"

सैकाल पाणी तुडवत गेली, हात उंच केला.

"बाबा, ऐका. ब्रेक दाबा. दाबला? क्लच दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका. टाकला? आता क्लच एकदम सोडा!"

यंत्राने एक हिसका दिला आणि गप्प झालं. अंगणात फक्त पाण्याचा आवाज. पाहुण्यांसाठी तळलेले बोरसोक तरंगत होते, त्यांच्यामागे कुत्री.

फोनमध्ये एर्किन हसत होता. हसता हसता त्याने नाक पुसलं. "बाबा, सीलं कशाची घातलीत?"

"कातड्याची."

"आणि काय लावलंत?"

"शेपटीची चरबी," इमानकूल कसाबसा म्हणाला.

पलीकडचं हसू थांबलं. मग एर्किनने अगदी हळू विचारलं, "गाळासाठी एवढं केलंत?"

सगळं गाव पाण्यात उभं राहून ऐकत होतं. कुबातसुद्धा चुलीवरून वाकला होता. सैकालने फोन खाली घेतला नाही.

इमानकूलने टोपी काढली, पुन्हा घातली.

"गाळ गेला खड्ड्यात," तो म्हणाला. "मला हे जमत नाहीये, एर्किन. यंत्रही नाही, आणि तुझ्यावाचून राहणंही नाही. उद्या सही करू नकोस. घरी ये, बाळा."