लाल दिव्यापाशी थांबलेली अंत्ययात्रा

व्हर्लिन हॅचला पुरायला न्यायचं, नेमका त्याच सकाळी घरच्यांसाठी आणलेल्या लांबलचक काळ्या गाडीचा एसी बंद पडला. सप्टेंबर असला म्हणून काय झालं, ॲरिझोनातल्या मेसा गावात सप्टेंबर म्हणजे उन्हाळ्याचीच शेपटी. चर्चच्या दारात उभ्या असलेल्या त्या गाडीत त्याच्या बायकोने, आर्डेथने, डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. अंत्यविधीवाल्याने कपाळ पुसत सुचवलं, की काचा खाली केल्या तर थोडा वारा लागेल. आर्डेथ त्याच्याकडे नुसती बघत राहिली, तेव्हा तो बिचारा ड्रायव्हरला ओरडायला निघून गेला.

खरं तर तिला एसीचं काही पडलेलं नव्हतं. जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. त्यांच्या चर्चच्या मंडळींत पेटी खड्ड्यावर ठेवली की घरातला एक पुरुष कबरीपाशी प्रार्थना म्हणतो, आणि तो मान मुलाचा. पण मुलगा नको म्हणत होता. "बाबांना आवडलं नसतं," एवढं बोलून डॅलिनने विषय संपवला होता, आणि आज तो आपली गाडी रांगेच्या अगदी शेवटी लावून, लांबच्या पाहुण्यासारखा उभा होता. ही रिकामी जागा धाकटे दीर मर्लिन यांनी लगोलग बळकावली. त्यांनी प्रार्थना लिहून आणली होती. जाड पाकीट होतं. मर्लिन नुसत्या जेवणाआधी प्रार्थना म्हणाले तरी सूप गार होतं, हे सगळ्या नातलगांना ठाऊक होतं.

बापलेकाचं बिनसलं ते गाडीवरून. व्हर्लिन सरकारी नोकरीत, लायसन्सची परीक्षा घेणारा. जन्मभर तो लोकांच्या शेजारी बसून त्यांना नापास करत आला. स्टॉपच्या पाटीपाशी रस्ता रिकामा असला तरी थांबायचं हा तिथला नियम, पण नुसती चाकं थांबली म्हणजे गाडी थांबली, असं तो मानायचाच नाही. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं, मग ती मागे येऊन टेकते. ती टेकली की थांबली. "गाडी बसली पाहिजे," असं तो म्हणायचा. या एका कारणावरून त्याने अर्ध्या मेसाला नापास केलं होतं. सख्ख्या भावाला, म्हणजे मर्लिनना, तीन वेळा केलं. डॅलिनला दोनदा, आणि त्यातल्या एकदा तर चौकात एका पारव्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. स्वतः चालवतानाही तोच प्रकार. रिकाम्या चौकात व्हर्लिन गाडी बसायची वाट बघायचा आणि शेजारची आर्डेथ दर वेळी म्हणायची, "चला आता, व्हर्लिन."

पुढे राज्याने बिनचालकाच्या गाड्यांचा कायदा करायला घेतला. व्हर्लिन तेव्हा निवृत्त झाला होता, पण टाय बांधून राजधानीत सुनावणीला गेला आणि आमदारांना त्याने एकच प्रश्न विचारला, की उद्या ही गाडी चुकली तर नापास कोणाला करायचं? उत्तर मिळालं की गाडीत कोणी नसेल तर कायद्याने कंपनीलाच चालक समजायचं. व्हर्लिन म्हणाला, मग लायसन्सवर फोटो कोणाचा लावणार? लोक हसले. हसला नाही तो फक्त समोरच्या बाकावरचा डॅलिन, कारण तो त्याच कंपनीचा शर्ट घालून बसला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं आर्डेथमार्फतच चाले, आणि तेही हवापाण्यापलीकडे जात नसे. "मेलो तरी त्या डब्यात बसणार नाही," हे व्हर्लिनचं शेवटपर्यंतचं मत होतं.

आणि आता आर्डेथची धाकटी बहीण लारू फोनवर तोच डबा बोलावत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लारू बाजारहाटाला त्यातच बसून जायची.

"अगं, व्हर्लिनला काय वाटेल?" आर्डेथ म्हणाली.

"ताई, त्यांना कुठे बसायचंय त्यात? ते पुढच्या गाडीत आहेत," लारू म्हणाली.

उन्हात वाद घालायचं त्राण कोणाला होतं? छपरावर गरगर फिरणारा टोप घातलेली पांढरी गाडी आली. अंत्यविधीवाल्याने तिच्या नाकाडावर जांभळं निशाण चिकटवलं आणि ती विधवेची गाडी म्हणून शववाहिकेच्या मागे लावली. लारूने मांडीवरचं मोठं भांडं शेजारच्या सीटवर ठेवलं. त्यात बटाटे होते, चीज घालून, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा पसरून भाजलेले. मातीहून आल्यावर मंडळींत तेच वाढतात. गाडी जागची हलेना. सगळ्या प्रवाशांनी पट्टा बांधावा, असं ती गोड आवाजात सांगत राहिली. शेवटी लारूने बटाट्यांना पट्टा बांधला, तेव्हा अंत्ययात्रा निघाली.

पहिल्या मोठ्या चौकात सिग्नल लाल होत होता. पुढे मोटरसायकलवर ड्वेन नावाचा निवृत्त पोलीस होता. त्याने रहदारी अडवली आणि शववाहिका पार झाली. दिवे लावलेल्या अंत्ययात्रेला तशी मोकळीक असते. शववाहिकेत ड्रायव्हरशेजारी मर्लिन बसले होते, तेही गेले. पांढरी गाडी मात्र लाल दिव्यापाशी थांबली, आणि थांबली म्हणजे बसली.

लारूने तिला समजावलं, विनवलं, थोडं रागावूनही पाहिलं. गाडी म्हणाली, "सिग्नल लाल आहे. आपण लवकरच निघू." मागे सगळी रांग खोळंबली. आता मयताच्या रांगेत हॉर्न कोणी वाजवत नाही आणि विधवेच्या पुढे गाडी कोणी काढत नाही, ही इथल्या लोकांची शिस्त. तेव्हा बिशपांपासून शेवटच्या डॅलिनपर्यंत सगळे निमूट बसून राहिले. दिवा हिरवा झाला तोवर शववाहिका कुठल्या कुठे गेली होती.

मग गाडीने आपल्या मनाचा रस्ता धरला. हायवे सोडून ती गल्लीबोळांतून निघाली. तिच्यामागे दिवे लावलेली सगळी वरात. शाळेसमोर ती गोगलगाईसारखी चालली. तिथून पुढे आणखी पंचाईत झाली. समोरून येणाऱ्या लोकांनी अंत्ययात्रा बघून आपापल्या गाड्या अदबीने कडेला घेतल्या. आपल्या गाडीला वाटलं, ज्या अर्थी सगळे थांबलेत त्या अर्थी पुढे काही अडचण असणार, म्हणून तीही थांबली. समोरचे यांच्या जाण्याची वाट बघतायत, ही त्यांच्या. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढून छातीशी धरली होती. ती धरून धरून त्याचा हात दुखायला लागला असावा, कारण मध्येच त्याने हात बदलला.

शेवटी गाडी कशीबशी पुढे सरकली आणि घरांच्या मधला एक छोटा चौक लागला. रिकामा. स्टॉपची पाटी, दोन निवडुंग, बाकी कोणी नाही. गाडी थांबली. तिचं नाक खाली गेलं, मग ती हळूच मागे येऊन टेकली. आणि तरीही क्षणभर थांबून राहिली.

"चला आता, व्हर्लिन," आर्डेथ म्हणाली.

गाडी निघाली. लारूने बहिणीकडे चमकून पाहिलं. आर्डेथ बाहेर बघत होती. चर्चमध्ये एवढी प्रवचनं झाली, भजनं झाली, तिथे तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता मात्र धारा लागल्या. लारूने रुमाल शोधला, सापडला नाही, म्हणून भांड्यावरचं फडकं काढून दिलं. त्याला चीजचा वास येत होता.

पुढच्या कोपऱ्यावर ड्वेनने त्यांना गाठलं. दफनभूमीपाशी मागे वळून बघतो तर मागे कोणीच नाही, म्हणून तो तसाच परत फिरला होता. त्याने हाताने खूण केली, गाडी मुकाट्याने कडेला लागली. ड्रायव्हरची काच खाली झाली. ड्वेनने वाकून आत पाहिलं, रिकामी सीट बघून पुन्हा सरळ झाला.

"कोण चालवतंय ही?"

"कोणी नाही," लारू म्हणाली.

"मग मी बोलू कोणाशी?"

तेवढ्यात रांगेच्या टोकावरून काळा सूट घातलेला डॅलिन घामाघूम होऊन चालत आला. त्याने सांगितलं, की कायद्याने चालक म्हणजे कंपनी, आणि तो कंपनीचाच माणूस आहे. या गाड्यांनी थांबायचं कसं, ते ठरवणाऱ्यांत तोही आहे, तेव्हा काय बोलायचं ते त्याच्याशी बोलावं.

"अरे बाबा," ड्वेन म्हणाला, "मयताला लाल दिव्यातून जायची मुभा आहे."

"मुभा आहे. सक्ती नाही."

ड्वेनने हेल्मेट काढलं. "तू व्हर्लिनचा मुलगा ना? मला हेच वाक्य ऐकवून त्यांनी नापास केलं होतं."

आर्डेथने मागची काच खाली केली. "आणि स्टॉपच्या पाटीपाशी एवढा वेळ का थांबते रे ही?" तिने मुलाला विचारलं.

डॅलिन बुटांकडे बघायला लागला. लोकांच्या तक्रारी येतात, म्हणाला. ही फार थांबते, मागचे हॉर्न मारतात, म्हणतात. साहेब दर बैठकीत सांगतात, की थोडं कमी करा.

"मग?"

"मी करू देत नाही."

"का?"

"गाडी बसली पाहिजे ना, आई."

आर्डेथला नवऱ्याचा राग आला, खरोखर आला. इतक्या वर्षांत स्वतःच्याच पोराच्या या डब्यात एकदा जरी बसला असता, तर पहिल्याच चौकात कळलं असतं की हा पोरगा पास झालाय.

"कबरीवर तूच बोलायचं," ती म्हणाली.

"मर्लिनकाकांनी लिहून आणलंय."

"ते जेवणाआधी वाचतील. बटाटे तसेही गारच झालेत."

ड्वेनने यावेळी मोटरसायकल पांढऱ्या गाडीच्या पुढे घातली आणि तिच्याच चालीने चालवली. दफनभूमीत तंबूखाली मर्लिन पाकिटाने वारा घेत उभे होते. वहिनींनी निर्णय सांगितला, तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं, पण पाकीट गुपचूप खिशात गेलं.

डॅलिनने मान खाली घालून सुरुवात केली. ही जागा शांत राहो, वारापावसापासून सुरक्षित राहो, असं म्हणाला, आणि "माझे बाबा" एवढं म्हणून अडकला. मंडळी डोळे मिटून वाट बघत राहिली. मर्लिननी खाकरून पुन्हा खिशाकडे हात नेला. आर्डेथने त्यांचा हात धरला.

"थांबा भाऊजी. बसू दे त्याला."

पेटीवरचं फूल वाऱ्याने हललं आणि पुन्हा स्थिर झालं. मग आर्डेथ हलकेच म्हणाली, "चल आता." आणि डॅलिनने प्रार्थना पुरी केली. छोटीच होती. मंडळींत बऱ्याच जणांना फार आवडली.

परतताना शववाहिका निघून गेलेली, त्यामुळे मर्लिनना जागा राहिली नाही. लारूने भांडं मांडीवर घेतलं आणि त्यांना पांढऱ्या गाडीत बसवलं. त्यांना पट्टा बांधायला मात्र कोणाला सांगावं लागलं नाही. फाटकापाशी स्टॉपची पाटी होती. समोरचा रस्ता पार डोंगरापर्यंत मोकळा पडला होता. गाडी थांबली, मागे टेकली, आणि थांबून राहिली.

"कोणी येत नाहीये की," मर्लिन पुढे वाकून म्हणाले. "चला म्हणावं तिला. कोणासाठी थांबलीय?"

"नापास," आर्डेथ म्हणाली, आणि मागे टेकून निवांत बसली.