राजीनामा टाकून बघ

दुसऱ्याचं भलं करायला पैसा लागत नाही, बुद्धीही लागत नाही. फक्त बसायला जागा लागते. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली ती जागा म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची मावशींची खोली होती. त्यांच्या सल्ल्याला यश येण्याचं प्रमाण शंभर टक्के होतं. (ज्यांचं नुकसान झालं ते पुन्हा फिरकत नसत, म्हणून मोजणीत धरलेले नाहीत.)

खाली दुकानात काचा घासायला त्यांचा भाचाच होता. त्याचं लग्न ठरत आलं होतं, पण मुलीचे वडील अडून बसले होते, आधी पगार वाढू दे.

"मालकांकडे मागून बघू का?" त्याने विचारलं.

"मागतोस कसला? मागणारा लाचार दिसतो. सरळ राजीनामा टाक. धावत येतील विनवण्या करत."

"आणि घेतला तर?"

"शहाणाच आहेस. तुझ्यावाचून दुकान चालेल का त्यांचं?"

हे तर्काला धरून होतं. सोमवारी भाच्याने राजीनामा टाकला आणि संध्याकाळी मालक खरोखरच धावत आले. फक्त ते मावशींकडे आले.

"ताई, माणूस सोडून जातो म्हणतोय. पगार वाढवून ठेवून घ्यावा म्हणतो."

सल्ला देताना माणूस कोण, कुठला, हे विचारणं मावशींना पटत नसे. (निःपक्षपातीपणाला बाध येतो. दुकानात नोकर एकच होता, हा तपशील गौण.)

"मुळीच नको! आज नमलात की उद्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. घ्या राजीनामा आणि व्हा मोकळे."

दुसऱ्या दिवशी भाचा तोंड पाडून दारात उभा. "मावशी, घेतला गं त्यांनी. कुणीतरी जाणत्याने सांगितलं म्हणे."

"कोण तो मेला अकलेचा कांदा?" मावशी कडाडल्या.

"वरच्या मजल्यावरचं माणूस आहे, म्हणाले."

वरच्या मजल्यावर मावशी एकट्याच राहत.

दोन्ही सल्ले आपापल्या जागी बिनचूक होते. दोघांनी ते मनावर घेतले, एवढंच काय ते चुकलं.

मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. मालक स्वतः काचा घासायला बसले. वर्षभरात गिऱ्हाइकं भलत्यालाच नमस्कार करू लागली आणि दुकान बसलं. भाच्याने लांबच्या शहरात, कुणालाही न विचारता, नोकरी धरली. त्याचं उत्तम चाललंय असं ऐकिवात आहे. पत्ता त्याने मावशींना कळवलेला नाही. मावशींनी सल्ला देणं कायमचं सोडलं. आता त्या फक्त सुचवतात.

आणि भाच्याने खरं म्हणजे काय करायला हवं होतं, हे तुम्हाला मघाशीच सुचलंय, नाही का? इतक्याच झटकन मावशींनाही सुचलं होतं.