दोन बोटांची फट

वर्षालीने या वेळी नकाशा असा काढला होता, की तो चुकवायला मुद्दाम शिकून यावं लागलं असतं!

जाम गावात हमरस्त्यावर हिरालालचं किराणा दुकान. मधली भिंत पाडून तिच्या जागी लोखंडी गर्डर टाकायचा, त्याची दोन्ही टोकं बाजूच्या विटांच्या भिंतींवर टेकवायची, एवढंच काम. पण नोकरी सोडल्यानंतरचं तिचं हे पहिलं काम होतं, आणि वरच्या खोलीत हिरालालची आई कौशल्याबाई राहायच्या. भिंतीला तडा गेला असता, तर ती बातमी वर्षालीच्या आधी सिंदी मेघे गावी तिच्या घरी पोचली असती.

म्हणून गर्डरचं एक टोक तिने बोल्टांनी पक्कं केलं. दुसऱ्या टोकाला बोल्टांची भोकं लांबट दिली आणि टोक व भिंत यांच्यात दोन बोटांची फट सोडली. मे महिन्यात लोखंड दोन-तीन मिलिमीटर वाढतं. त्याला पाय पसरायला जागा नसली, तर ते भिंतीलाच लाथ घालतं. नकाशावर तिने लाल अक्षरांत लिहिलं, 'फट रिकामी ठेवणे.' खाली दोन रेघा.

चार दिवसांनी एसटीने धक्के खात ती जामला आली. फटीत सिमेंट!

"भरली जी," रूपराव मिस्त्री हळूच म्हणाला. "तुमच्या हातून सुटली होती. म्या कोणाले सांगतलं नाई."

"रूपरावभाऊ, ती मुद्दाम सोडली होती. उन्हात लोखंड वाढतं."

"एवढा मोठा गर्डर, अन् त्याले ऊन लागते?"

फट फोडून मोकळी केली. पुढच्या खेपेला तिच्यात पिवळी पुरचुंडी ठोकून बसवलेली. आत तांदूळ, हळकुंड आणि पाच सुपाऱ्या.

"नव्या तुळईची ओटी भरा लागते, पोरी," कौशल्याबाई म्हणाल्या. "तू तं तिले उपाशीच निजवली!"

"आजी, सुपारी दगडासारखी असते हो."

"मंग? मजबूतच झालं ना!"

वर्षालीने वाकून नमस्कार केला आणि ओटी देवघरात हलवली. त्यानंतरच्या खेपेला फटीत फुटक्या काचा होत्या, वरून पुन्हा सिमेंट.

"उंदीर घुसते जी तिथून," हिरालाल म्हणाला. "गव्हाचे पोते आहेत माह्ये. तुम्ही सांगा, उंदराले नकाशा वाचता येते का?"

वर्षाली त्यातल्याच एका पोत्यावर बसली. पाच वर्षं शिकून तिने दोन बोटांची हवा बांधली होती आणि अख्खं जाम ती बुजवायला निघालं होतं! मग उठून तिने छिन्नी घेतली आणि फट स्वतःच्या हातांनी मोकळी केली. भिंतीवर लाल रंगात वीतभर अक्षरं काढली, 'फट रिकामी ठेवणे.' तिघांकडून देवाच्या नावाने कबूल करून घेतलं.

उद्घाटन अक्षय तृतीयेला. ऊन असं, की कुत्रीही सावली बदलायला उठत नव्हती. पेढा हातात घेऊन ती आधी फटीकडे गेली.

फट भरलेली!

"आमी हात नाई लावला!" तिघं एकदम ओरडले.

वाळकं गवत, सुतळीचे धागे, कोंबडीचं एक पीस. वर गर्डरच्या खोबणीत बसून चिमणी तिच्याकडे रागाने बघत होती.

"मोडजो नको," कौशल्याबाईंनी दटावलं. "अंडे हायेत."

वर्षालीने फटीतलं गवत बोटाने दाबलं. ते दबलं. बोट काढलं, ते परत फुगलं. तिने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. तडा नव्हता. मऊ भराव चालतो, हे तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. फटीत थर्मोकोलचा एक तुकडा घाला, एवढंच नकाशावर लिहायचं राहिलं होतं.

तिने नकाशा उघडला, 'रिकामी ठेवणे' खोडलं आणि लिहिलं, 'मऊ वस्तूने भरणे.'

रूपरावने तिच्या खांद्यावरून ते सावकाश वाचलं.

"मंग मी पहिल्या दिवशी काय म्हणत होतो जी?"

वर्षालीने पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.