मधला तुकडा

"आई, त्याला सांग, माझ्या ट्रकवर त्याच्या रंगाचा एक शिंतोडा जरी उडाला ना, तर गाठ माझ्याशी आहे," थोरला म्हणाला.

'तो', म्हणजे धाकटा भाऊ, दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ट्रेलरच्या फळ्यांना निळा रंग देत होता. कानानं ठणठणीत होता. तरीही दारातल्या खुर्चीत बसलेल्या आईनं मान डावीकडून उजवीकडे वळवली आणि निरोप पोचवला. "तो म्हणतोय, शिंतोडा उडाला तर गाठ माझ्याशी."

"त्याला म्हणावं, शिंतोडा बसायला ट्रकवर पत्रा उरलाय कुठे? नुसता गंज. रंग लागला तर उलट लाज झाकेल."

"तो म्हणतोय..."

"ऐकू आलं मला!"

"मग मला कशाला मान मोडायला लावता रे? दोन वर्षं झाली, इकडून तिकडे फिरवतेय. टेबलफॅन झालाय माझा."

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायचा त्यांचा धंदा. पुढे ट्रक, मागे ट्रेलर. ट्रेलरवर रंगाची टाकी, टाकीखाली बर्नर आणि शेपटाशी पट्टा मारायचं यंत्र. वडील गेल्यावर महिन्याभरातच, काम संपल्यावर यंत्र धुवायचं कुणी, यावरून भावांचं वाजलं. थोरल्याला वाटलं धाकटा धुवेल, धाकट्याला वाटलं थोरला धुवेल आणि सकाळपर्यंत यंत्रात रंगाचा दगड झाला. त्या दगडावरून वाटणी झाली. ट्रक थोरल्याला, ट्रेलर धाकट्याला. म्हणजे एकाच्या पदरात सुई आणि दुसऱ्याच्या पदरात दोरा, आणि आता ज्यानं त्यानं आपापलं शिवावं.

अंगणही मधोमध वाटलं, तेही घरच्याच मालानं. एक अखंड पांढरा पट्टा, ओलांडायला सक्त मनाई. फक्त आईच्या दारासमोर तो तुटक ठेवला होता, तिला दोन्हीकडे जाता यावं म्हणून. दोरीचं एक टोक थोरल्यानं धरलं होतं, दुसरं धाकट्यानं. इतका सरळ पट्टा त्या दोघांच्या हातून वडिलांच्या हयातीत कधी निघाला नव्हता.

राहिला मधला तुकडा. वडिलांनी ट्रक एका लिलावात घेतला होता, ट्रेलर दुसऱ्या. ट्रकच्या मागे होतं हूक, ट्रेलरच्या तोंडाशी होती उपडी वाटी. हुकात कडी अडकते, वाटी गोळ्यावर बसते. या दोघांचं थेट जमणार कसं? म्हणून वडिलांनी वीतभर लोखंडाचा एक तुकडा करून घेतला होता. एका टोकाला कडी, ती हुकात जायची. दुसऱ्या टोकाला गोळा, त्यावर वाटी बसायची. वाटणीच्या वेळी हा तुकडा कुणाचा यावर तीन बैठका झाल्या. शेवटी कागदावर असं लिहिलं की तुकडा आईकडे राहील आणि दोघांनी 'हो' म्हटल्याशिवाय आईनं तो कुणालाही द्यायचा नाही. दोघं एकाच गोष्टीला 'हो' म्हणतील असा दिवस दोन वर्षांत उगवला नाही. आईनं तो तुकडा दार मिटू नये म्हणून दाराला टेकू लावून टाकला. तिचं दार तेव्हापासून सताड उघडं.

या दोन वर्षांत थोरल्यानं ट्रकमधून लोकांची जुनी कपाटं वाहिली. धाकट्यानं ट्रेलर जागच्या जागी खुर्च्या ठेवायला भाड्यानं दिला. दोघांच्याही घरात चहा पातळ होत गेला. आणि अशात रस्ते खात्याचं तीन वर्षांचं काम निघालं. वडिलांच्या नावावर अजून जुना परवाना होता, तो दोघांच्या सहीनं चालणार होता. अट एकच. शनिवारी अकरा वाजता साहेब येणार, ट्रकला ट्रेलर जोडून, चालवून, एक पट्टा मारून दाखवायचा. नाहीतर बारा वाजता साहेब दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाणार होते.

सह्या झाल्या. आईनं कागद आधी पट्ट्याच्या इकडे नेला, मग तिकडे. आणि दोघं आपापल्या लोखंडामागे लागले.

ट्रकची अवस्था अशी होती की दुरुस्ती कुठून सुरू करावी यापेक्षा कुठे थांबावी हा प्रश्न होता. डावा दरवाजा सुतळीनं बांधलेला. हॉर्न फक्त उजवीकडे वळताना वाजायचा. थोरल्यानं इंजिन उघडलं, पुसलं, परत लावलं, तेव्हा चार नट उरले. ते त्यानं खिशात टाकले आणि इंजिन आधीपेक्षा बरं चाललं, म्हणून त्या विषयाचा पुन्हा विचार केला नाही. सीट फाटली होती, तर घरातल्या सोफ्याचं कापड उतरवून बसवलं.

"अहो, सोफा बोडका झाला," बायको म्हणाली.

"काम मिळू दे, मखमलीचा शिवून देतो."

"मागचं मखमल अजून यायचंय. वाटणी झाली तेव्हाचं."

पट्ट्याच्या पलीकडे धाकट्याच्या हातातही दम होता. त्यानं टाकी खरवडली, यंत्रातला दगड छिन्नीनं फोडला, नव्या फळ्या बसवल्या. थोरला चोरून बघायचा. काम चांगलं होतं, हेच त्याला सहन होत नव्हतं. ट्रेलर निळा झाला तसा थोरल्यानं ट्रक लाल केला. धाकट्यानं चाकांना चंदेरी रंग दिला, थोरल्यानं बंपरलाही दिला. एवढंच, की मंगळवारी धाकट्यानं ट्रेलरचं तोंड गोणपाटात गुंडाळलं. 'गंज निघाला नसेल, झाकतोय,' असं मनाशी म्हणून थोरला त्या रात्री छान झोपला.

कारण त्याच्याही डोक्यात काहीतरी शिजलं होतं. शनिवारी तो तुकडा लागणार. म्हणजे धाकट्याला 'हो' म्हण म्हणून विनवायचं. साहेबांसमोर धाकटा आढेवेढे घेणार, आईला मान फिरवायला लावणार. त्यापेक्षा तुकड्याची गरजच संपवली तर? ट्रकचं हूक काढायचं, तिथे गोळा बसवायचा. ट्रेलरची वाटी थेट गोळ्यावर. खटक! धाकट्याचं तोंड कसं होईल या कल्पनेनं थोरल्याला अंघोळ करताना एकट्यालाच हसू आलं.

बुधवारी तो ट्रक घेऊन चौकातल्या वेल्डरकडे गेला.

"दादा, नक्की ना?" वेल्डरनं काळा चष्मा कपाळावर ढकलत विचारलं. "एकदा हूक कापलं की कापलं."

"काप."

"घरी विचारलंत?"

"तू वेल्डर आहेस का वकील? आणि हे बघ, कुणाला एक अक्षर बोललास तर माझी शपथ आहे तुला."

"नाही बोलत," वेल्डर म्हणाला. "आजकाल सगळे शपथाच घालतात."

गोळा बसला, झकास बसला. "ते जुनं हूक टाक भंगारात," थोरला म्हणाला. वेल्डरनं हूक उचललं, फडक्यानं पुसलं आणि आत नेऊन ठेवलं. भंगार कुणी फडक्यानं पुसत नाही, हे थोरल्याच्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण तो गोळ्याकडे बघत होता. घरी येऊन त्यानं ट्रकचं ढुंगण भिंतीला टेकवून उभं केलं. शनिवारपर्यंत कुणी बघायला नको.

शनिवारी साहेब अकराला पाच कमी असताना आले. बगलेत फाइल, तोंडावर कंटाळा. आईनं आपली खुर्ची त्यांना दिली.

"जोडा," साहेब म्हणाले.

थोरल्यानं ट्रक भिंतीपासून पुढे काढला, वळवला. वळताना हॉर्न वाजला, तो स्वागताचा समजून साहेबांनी मान डोलावली. मग ट्रक ऐटीत मागे घेतला. धाकट्यानं त्याच ऐटीत गोणपाट ओढून काढलं. दोघांच्याही ओठांवर एकच हसू होतं. सख्खे भाऊ शोभत होते.

ठण्ण!

थोरला खाली उतरून मागे आला. ट्रेलरच्या तोंडाशी वाटी नव्हती. तिथे एक भलीथोरली, नवीकोरी, चंदेरी कडी होती.

धाकटा ट्रककडे बघत होता. हुकाच्या जागी गोळा होता.

कडी हुकात जाते. वाटी गोळ्यावर बसते. कडी गोळ्यावर ठेवली तर काय होतं, हे धाकट्यानं करून बघितलं. ती घसरून थोरल्याच्या पायावर पडली.

"आई!" थोरला एका पायावर नाचत ओरडला. "त्याला विचार, वाटी कुठे गेली!"

"त्याला विचार, हूक कुठे गेलं! मी मुद्दाम हुकात बसेल अशी कडी करून आणलीये!"

"त्याला विचार, कुणाला विचारून?"

"त्याला विचार, त्यानं कुणाला विचारलं होतं?"

आईची मान एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि मग मधोमध थांबली.

"हे दोघं," साहेबांनी तिला हळूच विचारलं, "एकमेकांना दिसत तरी आहेत ना?"

आई दारापाशी गेली, टेकू लावलेला तुकडा उचलून आणला. "घ्या. दोघांच्या वतीनं मीच 'हो' म्हणते."

पण त्या तुकड्याला एका टोकाला कडी होती, दुसऱ्या टोकाला गोळा. आता गोळ्यासमोर गोळा आला आणि कडीसमोर कडी. तुकडा होता तसाच होता, बदललं होतं बाकीचं सगळं.

"मी समोर चहा घेतो," साहेब घड्याळ बघत उठले. "पाऊण तास. मग मी पुढच्या कंत्राटदाराकडे निघालो."

थोरला लंगडत निघाला, धाकटा धावत. एक रस्त्याच्या या कडेनं, दुसरा त्या कडेनं, कारण एका कडेनं जायची सवय मोडली होती. वेल्डरच्या दारात मात्र दोघांना एकदमच शिरावं लागलं आणि खांद्याला खांदा घासला.

वेल्डर डबा खात होता. त्यानं बोट नुसतं वर केलं. खिळ्याला एक तुकडा टांगलेला होता. एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला वाटी. हूक ट्रकचं, वाटी ट्रेलरची. दोन्ही पुसून, मधे सळई घालून, पक्कं वेल्डिंग मारून.

"गुरुवारीच करून ठेवलाय," वेल्डर घास गिळून म्हणाला. "मंगळवारी धाकटे आले, बुधवारी तुम्ही आलात. म्हटलं, शनिवारी दोघं येणार."

"अरे मग सांगितलं का नाहीस?" पहिल्यांदाच दोघं भाऊ एका सुरात ओरडले.

"दोघांनी शपथा घातल्या होत्या. मी शपथ मोडत नाही."

"काय घेशील?" थोरल्यानं विचारलं.

"विकायचा नाहीये."

"हूक माझं आहे!"

"भंगारात टाक म्हणालात. वाटीही भंगारात टाक म्हणाले हे." वेल्डरनं हात धुतले, पुसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ट्रक तुमचा. ट्रेलर यांचा. तुकडा माझा. तीन वर्षं, तीन भाग. आणि माझी स्कूटर चौकात उन्हात तापते, तर तुमच्या अंगणात सावलीला एक जागा."

"हा दरोडा आहे," थोरला म्हणाला.

"उद्या दुसरीकडून करून घ्या की. साहेब थांबतील?"

थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ, डोळ्यांत. धाकट्यानंही बघितलं. दोघांनाही नेमकं तेच आठवत असावं: यंत्र धुवायला एक बादली पाणी लागलं असतं. क्षणभर वाटलं, आता दोघांपैकी कुणीतरी बोलेल.

मग थोरला वेल्डरकडे वळला. "त्याला विचार, आधी सही तो करतोय का मी करू."

वेल्डरनं कागद धाकट्यापुढे केला. "ते म्हणतायत, आधी तुम्ही."

साहेब परत आले तेव्हा लाल ट्रक, निळा ट्रेलर आणि मधला काळा तुकडा अंगणात एका रांगेत उभे होते. ट्रकनं ट्रेलर फाटकापर्यंत ओढून नेला आणि परत आणला. काही सुटलं नाही, काही पडलं नाही.

"आता पट्टा," साहेब म्हणाले. "मारा इथेच. दहा मीटर पुरे."

"वाया कशाला घालवायचा रंग?" वेल्डर म्हणाला. "माझ्या जागेचाच मारून टाका."

मग दोरी आली. एक टोक थोरल्यानं धरलं, दुसरं धाकट्यानं, आणि दोघं गुडघ्यांवर बसून अंगणाचा तिसरा भाग पाडू लागले. जागा नेमकी जुन्या पट्ट्यावर येत होती, अर्धी इकडची, अर्धी तिकडची. आईच्या दारासमोरचा तुटक पट्टा त्यात गेला.

"त्याला सांग, दोरी ढिली सोडतोय," थोरला म्हणाला.

"ते म्हणतायत, ढिली सोडताय," वेल्डरनं पोचवलं.

"त्याला सांग, ताणायला दोन माणसं लागतात."

"ते म्हणतायत..."

"ऐकू आलं मला!"

ट्रेलरचं यंत्र दोरीच्या कडेनं फिरलं आणि मागे रंग ओला चकाकत होता. साहेबांनी वाकून एक डोळा मिटून पाहिलं, फाइलवर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "सुरेख. इतका सरळ पट्टा बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. घरची सवय दिसतेय."

आई उठली. आपली खुर्ची तिनं उचलून आत नेली. जुना तुकडा अंगणात पडला होता, तो उचलून वेल्डरच्या हातात दिला.

"हा पण घे," ती म्हणाली. "भंगारात टाक. आणि पुसू नकोस."

ती आत गेली; आता ना टेकू होता, ना खुर्ची, म्हणून दार आपोआप मागे आलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

थोरल्यानं दोरी गुंडाळली. मग वेल्डरला म्हणाला, "त्याला सांग, यंत्र धुवायचं राहिलंय."